दारं उघडीच होती?

भाचीने अकरावीच्या फॉर्मवर ‘सायन्स’ लिहून खोडलं होतं. इतकं गिरवलं होतं की कागद मागून फाटला. बाजूला बारीक अक्षरात ‘कॉमर्स’. दहावीपर्यंत शेजारच्या पोरांना गणित शिकवणारी मुलगी ही. का म्हणून विचारलं, तर तिने मोबाईल पुढे केला. “आत्या, बाबांनीच टाकलंय ग्रुपवर.”

‘मुलींनो, वास्तव स्वीकारा’ हा तो फॉरवर्ड डिचोलीपासून पेडण्यापर्यंत सगळ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. दादा, तू तो पुढे ढकललास, म्हणून उत्तरही इथेच देते.

‘बायकांचा मेंदू लहान असतो.’ असतो, सरासरीने दहा टक्क्यांच्या आसपास. शरीरही लहान असतं. पण वजनावर बुद्धी ठरत नाही. आइनस्टाइनचा मेंदू १,२३० ग्रॅम भरला होता, म्हणजे सर्वसाधारण पुरुषाच्या मेंदूपेक्षा कमीच. हा विषय इथे संपला.

‘शोध पुरुषांचे, बायका मदतनीस.’ मेरी क्युरीला १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचं आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. जोसेलिन बेलने विद्यार्थिनी असताना, १९६७ मध्ये, कागदी आलेखांवर पल्सारची, म्हणजे ठराविक लयीत रेडिओ लहरींचे ठोके देणाऱ्या ताऱ्याची, खूण पकडली. १९७४ चं नोबेल मात्र तिच्या मार्गदर्शकाला गेलं. मदतनीस म्हणून नोंद होते ती अशी.

‘समुद्र, बर्फ, हे बायकांचं काम नव्हे.’ हे गोव्यात बसून कोणी पुढे पाठवावं? दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या अदिती पंत डिसेंबर १९८३ मध्ये भारताच्या तिसऱ्या मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला गेल्या. भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता सोबत होत्या. भारतीय मोहिमेतून तिथे पोचलेल्या पहिल्या स्त्रिया या दोघी. जहाज आपल्या मुरगाव बंदरातूनच सुटलं होतं.

आता ज्या वाक्याने पोरीचा फॉर्म फाटला ते: ‘विज्ञानाची दारं सगळ्यांना उघडीच होती, बायकाच आत गेल्या नाहीत.’

कमला भागवत, म्हणजे आपल्या दुर्गाबाईंची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठाची बीएस्सी उत्तम गुणांनी पास होऊन १९३३ मध्ये बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले. संचालक होते सी. व्ही. रामन, नोबेल मिळालेले. त्यांनी नकार दिला, आणि कारण एकच: ती मुलगी होती. गुण कमी नव्हते, विषय चुकीचा नव्हता. कमलाबाई हटल्या नाहीत, तेव्हा अटी घालून घेतलं. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, काम पसंत पडलं तरच पुढे. काम पसंत पडलं. पुढे त्या केंब्रिजला गेल्या, बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी, म्हणजे पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन, असतं हे दाखवलं, आणि १९३९ मध्ये पीएचडी घेतली. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालिका झाल्या, कमला सोहोनी या नावाने.

प्रयोगशाळांत वरच्या जागांवर बायका अजून कमी दिसतात, हे मलाही नाकारता येत नाही. पण ज्या घरात विद्यापीठात चमकलेल्या मुलीला दारावरच थांबवलं होतं, त्या घराची मोजदाद करताना ‘आल्याच नाहीत’ असं लिहिणं हे धादांत खोटं आहे. आणि दादा, या वेळी दारात तू उभा आहेस.

फॉर्म द्यायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, हायर सेकंडरीत विचारून आले. कोरा फॉर्मही आणलाय. संध्याकाळी घेऊन येते, सही तुझी लागेल.