हुरडा विकायचा की ज्वारी?

गेल्या रविवारी दादाच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो. मंगळवेढ्याची काळी जमीन, बेताची थंडी, आगटीभोवती पंधरा-सोळा माणसं. गडी कणसं भाजून हातावर चोळत होता आणि आम्ही गरम दाणे चटणी-गुळाबरोबर नुसते हादडत होतो. अशा वेळी कुणी धंद्याचं बोलू नये. पण माझा भाचा शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "आत्या, खरं सांग. गेम पुढच्या महिन्यात काढू का? निम्माच झालाय. पण पैसे एप्रिलपर्यंतच पुरतील."

तो आणि त्याचे तीन मित्र ऑनलाइन लगोरी करतायत. पाच विरुद्ध पाच, सगळे आपापल्या घरून खेळणार. मी पुण्यात गेमच्या टेस्टिंगमध्ये बारा वर्षं काढली, म्हणून घरात या विषयातली तज्ज्ञ मी. (एरवी माझं कुणी ऐकत नाही.) त्याला तिथे जे सांगितलं ते अर्धंमुर्धं होतं, परतताना गाडीत डोक्यात घोळत राहिलं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आपल्या ओळखीत आता बरीच मुलं गेम करतायत, त्यांच्याही कामाला येईल.

हा प्रश्न निघाला की मला पहिल्यांदा फायनल फॅन्टसी १४ आठवतो. जपानची स्क्वेअर एनिक्स ही मातब्बर कंपनी. तिने ३० सप्टेंबर २०१० ला हा ऑनलाइन गेम बाजारात आणला. दिसायला अप्रतिम. पण आत गेलं की साधा मेन्यू उघडायलाही ताटकळायचं, कारण बारीकसारीक गोष्टही सर्व्हरला, म्हणजे कंपनीच्या दूरच्या मुख्य संगणकाला, विचारून व्हायची. खेळाडूंनी एकमेकांना वस्तू विकायच्या तर शोधायची सोय नाही. बाजारात ओळीने नोकर उभे, प्रत्येकाजवळ जाऊन 'तुझ्याकडे काय आहे' बघायचं. आठवडी बाजारात हिंडायला मजा येते ती तिथे माणसं आणि भजी असतात म्हणून. इथे नुसते पुतळे. डोंगरदऱ्यांचे तेच ते तुकडे पुन्हा पुन्हा चिकटवलेले. आणि माझा सगळ्यात लाडका तपशील म्हणजे कुंडी. पुढे ज्यांनी हा गेम सावरला त्या नाओकी योशिदांनीच सांगितलंय की शोभेच्या एका कुंडीला खेळाडूच्या आख्ख्या पात्राइतके पॉलिगॉन (ज्यांतून चित्र घडतं ते बारीक बहुकोन) दिलेले होते. कुंडीवर इतकी मेहनत झाली आणि बाजारात शोधायची सोय राहून गेली. मला यात त्या टीमचा आळस दिसत नाही. लोक राबले होते, पण पुढे आधी काय लागणार हे ठरवायला कुणी थांबलं नाही.

मग इतकी घाई का? आतलं मला माहीत असण्याचं कारण नाही. पण त्याच वर्षी ७ डिसेंबरला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या प्रतिस्पर्धी ऑनलाइन गेमचा मोठा नवा भाग येणार होता. दोन महिन्यांनी समोरच्या दुकानात सेल लागणार असेल तर आपलं दुकान रंग ओला असतानाच उघडायचा मोह होतो, असा माझा आपला अंदाज.

पुढचा हिशोब बघा. मासिक फी हा या गेमच्या कमाईचा कणा, आणि ती फी कंपनीला घेताच येईना. लोकांना फुकट खेळू द्यावं लागलं, ते थेट जानेवारी २०१२ पर्यंत. म्हणजे पंधरा महिने सर्व्हर चालू, पगार चालू, आणि फीचा गल्ला रिकामा. डिसेंबर २०१० मध्ये अध्यक्षांनी जाहीर माफी मागितली, प्रमुख बदलले, योशिदा आले. त्यांनी एकीकडे जुना गेम डागडुजी करून चालवायचा आणि दुसरीकडे नवा मुळापासून बांधायचा अशी दुहेरी कसरत केली. ११ नोव्हेंबर २०१२ ला जुने सर्व्हर बंद झाले. गेमच्या कथेतच आकाशातून चंद्र कोसळला आणि ते जग संपलं. नवा अवतार २७ ऑगस्ट २०१३ ला आला. आणि तो असा चालला की डिसेंबर २०२१ मध्ये गर्दी आवरेना म्हणून कंपनीला काही आठवडे विक्रीच थांबवावी लागली.

हे सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "म्हणजे शेवटी जमलंच की!" भाचाही म्हणाला. हो, जमलं. पण एकच गेम दोनदा बांधायचा खर्च पेलायला त्यांच्यामागे बाकीच्या गेमांची कमाई होती. भाच्यामागे एप्रिल आहे.

आता याच्या अगदी उलटं उदाहरण. माइनक्राफ्ट. मार्कुस पर्सन या स्वीडिश माणसाने २००९ च्या मे महिन्यात लोकांपुढे ठेवला तेव्हा त्यात होतं काय? ठोकळे. ते फोडायचे आणि रचायचे. त्याच उन्हाळ्यात तो विकायला लागला, साधारण १० युरोला. पुढे बीटा (म्हणजे चाचणीची आवृत्ती) आला तेव्हा १५ आणि १८ नोव्हेंबर २०११ ला पूर्ण म्हणून जाहीर झाला तेव्हा २०. जितकं तयार तितके पैसे. लवकर येणाऱ्याला स्वस्त, आणि त्याला माहीत की आपण काय घेतोय. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली.

दोन्ही गेम बाहेर आले तेव्हा अपुरेच होते. मग एकाची नाचक्की आणि दुसऱ्याची चांदी का? याचं उत्तर आगटीपाशीच होतं, पण मला ते गाडीत सुचलं. हुरडा म्हणजे तरी काय, अपुरी ज्वारीच. पण हुरड्याला आलेला दाणा आपल्या जागी पुरा असतो. गोड, लुसलुशीत, चावायला पोचट लागत नाही. लोक आवर्जून गाड्या काढून येतात आणि धान्यापेक्षा चढ्या भावाने खातात. तेच कणीस आणखी आधी, दाणा चिकात असताना तोडलं तर हातात नुसता चोथा येतो. माइनक्राफ्टचा ठोकळा हुरड्याला आला होता. फायनल फॅन्टसीचं कणीस हातभर लांब होतं, पण दाणा भरलाच नव्हता.

म्हणून 'किती टक्के झालाय' हा प्रश्नच मला फसवा वाटतो. भाचा म्हणतो निम्मा झालाय. कशाचा निम्मा? सहा मैदानं ठरली होती, त्यातलं एकच झालंय. कपडे, दुकान, क्रमवारी काहीच नाही. ठीक आहे. पण चेंडू लगोरीवर बसला की जिवाला बरं वाटतं का? दगड रचताना पाठीत चेंडू बसेल म्हणून धाकधूक होते का? ते होत असेल तर एक मैदान पुष्कळ झालं. पबजी मार्च २०१७ मध्ये अपुरा म्हणूनच विकायला आला तेव्हा त्यातही एकच नकाशा होता. आठ किलोमीटर लांब, आठ किलोमीटर रुंद, शंभर माणसं, शेवटी एक उरणार. गेम अडखळायचा, लबाडी करणारे बोकाळले होते, सहा महिन्यांत पूर्ण करतो म्हणाले आणि डिसेंबर उजाडला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही, कारण शेवटच्या दहा जणांत उरलं की घाम फुटायचा तो पहिल्या दिवसापासून फुटायचा.

आणि पबजीवरून आपल्याकडचीच गोष्ट. २ सप्टेंबर २०२० ला भारतात पबजी मोबाइलवर बंदी आली. दोनच दिवसांत फौजी या देशी गेमची घोषणा झाली, अक्षय कुमारच्या तोंडून. लाखो लोकांनी आधीच नावं नोंदवली. २६ जानेवारी २०२१ ला गेम आला. लोक शंभर जणांची लढाई धरून बसले होते, हाती आली गलवानमध्ये एकट्याने करायची मारामारी. मित्रांबरोबर खेळायची सोय काही महिन्यांनी आली. प्ले स्टोअरवरचं रेटिंग पहिल्या काही दिवसांतच घसरलं. प्रजासत्ताक दिन ही तारीख भाषणाला छान आहे. पण कॅलेंडरवरची तारीख बघून कणसात दाणा भरत नाही.

इथे ऑनलाइन गेमची एक वेगळी अडचण सांगायलाच हवी, कारण बाहेरून ती दिसत नाही. एकट्याने खेळायचा गेम खराब निघाला तर एक गिऱ्हाईक जातं. दुरुस्त केला की नवं येतं. ऑनलाइन गेममध्ये एक माणूस गेला की उरलेल्यांचा गेमही तेवढा बिघडतो. लगोरीला दहा माणसं लागतात. रात्री साडेदहाला सात जण ऑनलाइन असतील तर डाव लागत नाही, सातही कंटाळून जातात, आणि आठवा येतो तेव्हा मैदान मोकळं. शिवाय एकट्याच्या गेममधली चूक सुधारली की विषय संपतो. ऑनलाइनमध्ये कुणी एका चुकीचा फायदा घेऊन लाखभर नाणी छापली तर ती नाणी चूक सुधारल्यावरही बाजारात फिरत राहतात. मग सगळ्यांचं सगळं पुसून टाका, नाहीतर महागाई सोसा. पुसायचं असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगितलेलं बरं. नंतर पुसलं तर लोक घरावर मोर्चा आणायचेच बाकी ठेवतात.

हे मी अंगावर झेललंय. एका कंपनीत (नाव विचारू नका) आम्ही ऑनलाइन कॅरम करत होतो. गुंतवणूकदारांना दिवाळीआधी आकडे हवे होते. खेळता खेळता फोन आला की डाव तुटायचा आणि लावलेली नाणी बुडायची, हे मी तीन वेळा लिहून दिलं होतं. उत्तर आलं, 'पुढच्या अपडेटमध्ये.' भारतात संध्याकाळी माणसाला फोन येत नाही असं गृहीत धरून केलेला तो बहुधा जगातला एकमेव गेम. दिवाळीत लोक आले. फोनही आले. आठ दिवसांत एका ताऱ्याचे अभिप्राय ढिगाने. अपडेट नोव्हेंबर संपताना गेलं, चांगलं गेलं, पण ते बघायला होतं कोण? पडलेल्या रेटिंगवर जाहिरात करायची म्हणजे एकेका नव्या खेळाडूमागे जास्त पैसे मोजायचे. चार महिन्यांनी प्रोजेक्ट गुंडाळला. वाचवलेला एक महिना आम्हाला आख्ख्या गेमला पडला.

तरीही मी भाच्याला 'पूर्ण होईपर्यंत थांब' असं सांगणार नाही. आम्ही आठ टेस्टर वर्षभर बसलो तरी जे सापडत नाही ते पाचशे अनोळखी लोक एका संध्याकाळी शोधून काढतात. फक्त ती संध्याकाळ गावजेवणाची नसावी. फिनलंडची सुपरसेल ही गेम कंपनी हे सुरेख करते. ब्रॉल स्टार्स त्यांनी जून २०१७ मध्ये आधी कॅनडात सोडला. दीड वर्ष तिथे उलथापालथ केली. गेम उभ्या फोनवर होता तो आडवा केला, हलण्या-मारण्याची पद्धत बदलली, आणि मग डिसेंबर २०१८ मध्ये जगाला दिला. याच चाळणीत त्यांनी रश वॉर्ससारखे गेम काही महिन्यांत बंदही केले. आपल्या पुण्याच्या सुपरगेमिंगनेही इंडस आधी मोजक्या खेळाडूंना देऊन बघितला आणि सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये काढला.

दादाही तेच करतो, फक्त त्याला कुणी सॉफ्ट लाँच (आधी थोड्या लोकांना देऊन बघणं) म्हणत नाही. बांधाकडच्या चार ओळी हुरड्याला, बाकी रान सुगीला. मी गमतीत म्हटलं, हुरड्याला एवढा भाव आहे तर सगळंच काढ की. तो म्हणाला, "मग फाल्गुनात काय माती कापू?" अपुरा गेम आधीच विकणाऱ्यांना हा हिशोब उशिरा कळतो. पहिल्या लाटेत ज्यांनी घेतला त्यांना पूर्ण झाल्यावर पुन्हा विकता येत नाही. आणि 'नवा गेम आला' ही बातमी वर्तमानपत्रवाले आणि यूट्यूबवाले एकदाच देतात.

नुसत्या लबाडीबद्दल फार लिहीत नाही. द डे बिफोर हा गेम ७ डिसेंबर २०२३ ला अपुरा म्हणून विकायला आला, आणि ११ डिसेंबरला कंपनीने दुकान बंद करत असल्याचं जाहीर केलं. चार दिवस! लोकांचे पैसे परत गेले. त्याला धंद्याचा निर्णय म्हणायचं तर खिसेकापूलाही उद्योजक म्हणावं लागेल.

एप्रिलचं काय, हा प्रश्न उरतोच. पैसे संपत आले म्हणून गेम काढणं आणि गेम काढण्याजोगा झाला म्हणून काढणं यात गिऱ्हाइकाला लगेच फरक कळतो. म्हणून मी त्याला म्हटलं, दोघांनी अर्धवेळ बाहेरची कामं घ्या आणि एप्रिलचा सप्टेंबर करा. पाच मैदानं कागदावरच राहू देत. चाळीस माणसं गोळा कर, पण त्यात नातेवाईक नकोत, ते खोटं बोलतात. दर शुक्रवारी रात्री एक तास खेळवा. तिसऱ्या शुक्रवारी न बोलावता किती येतात ते मोज आणि मग मला फोन कर. यावर त्याच्या आईने "तुझ्यामुळे हा आणखी सहा महिने घरी बसणार" अशा अर्थाचा एक कटाक्ष टाकला. तो मी चटणी मागून चुकवला.

परवा पहिला शुक्रवार झाला. नातेवाईक नकोत म्हटलं होतं तरी मी लॉगिन मागून घेतलंच. नऊला एकोणतीस जण होते. नऊ वाजून वीस मिनिटांनी सर्व्हर पडला, पावणेदहाला उठला, आणि चोवीस जण परत आले. माझं पात्र मात्र मैदानाशेजारच्या विहिरीत पडलं ते पडलंच, वर यायला वाटच नाही. भाच्याला कळवलं तर म्हणतो, "आत्या, ती विहीर फक्त शोभेची आहे."

कुंडीची गोष्ट त्याला पुन्हा सांगावी लागणार.