गालातला जागल्या कसा झोपवावा

गालाच्या आतल्या अस्तरात पेशी-पेशीत एक जागल्या बसवलेला आहे: कर्करोगाची गाठ रोखणारं जनुक. नाव टीपी५३, मुक्काम सतराव्या गुणसूत्राची आखूड भुजा. डीएनएला जरा कुठे चीर गेली की हा पेशीचं विभाजन रोखतो, आधी दुरुस्ती करा म्हणतो, आणि दुरुस्ती जमण्यासारखी नसेल तर त्या पेशीलाच मरायला लावतो. १९७९ साली तो सापडला तेव्हा शास्त्रज्ञांनी त्यालाच चोर समजलं होतं. चोर नव्हे, पहारेकरी आहे हे उमगायला दहा वर्षं गेली. असल्या हाडाच्या रखवालदाराला घरी बसवून तोंडाचा कर्करोग कमवायचा तर चिकाटी हवी. ती तुमच्यात आहे, फक्त थोडी दिशा हवी.

घाई करू नका. जनुकाच्या प्रती दोन, एक आईकडची, एक वडिलांकडची. गाठ रोखणारं जनुक निकामी करायला दोन घाव लागतात हा कर्करोग संशोधक नुडसन यांचा १९७१चा सिद्धांत. टीपी५३ मात्र थोडी सवलत देतं. त्याची प्रथिनं चौघाचौघांच्या टोळीनं काम करतात. एका प्रतीतून बिघडलेला माल यायला लागला की तो टोळीत शिरून चांगल्यांचेही हात बांधतो. गडाचा दरवाजा उघडायला एक फितूर पुरतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. हत्तीशी बरोबरी मात्र करू नका, त्याच्याकडे या जनुकाच्या वीसेक जोड्या आहेत. तुमच्याकडे एकच, म्हणजे यश आवाक्यातलं.

साहित्य स्वस्त आहे: तंबाखू, चुना, कातरलेली सुपारी. विदर्भात हे सगळं पन्नीत घोटून खर्रा म्हणून मिळतं, इतरत्र मावा म्हणून. चुन्यात कंजुषी नको. चुन्यानं निकोटीन झरझर रक्तात उतरतं, म्हणजे उद्या पुन्हा टपरीवर येण्याची हमी. शिवाय सुपारीतल्या पॉलिफिनॉलपासून डीएनएला डसणारे ऑक्सिजनचे रेणू सुटतात. तंबाखूतली नायट्रोसामाईन्स डीएनएला चिकटून बसतात आणि नक्कल उतरवताना तिथलं अक्षर चुकतं. ही चूक टीपी५३च्या १७५, २४८ किंवा २७३ क्रमांकाच्या जागी पडली तर दुधात साखर: जागल्या जागेवरच असतो, पण त्याची डीएनएवरची पकड सुटलेली असते. ‘मी तंबाखू नाही हो, नुसती सुपारी खातो,’ म्हणणाऱ्यांनी हिरमुसू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं एकट्या सुपारीलाही नक्की कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्याच गटात बसवलंय. घरातल्या आजीकाकूंसाठी मिश्री आहेच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बोटानं हिरड्यांवर फिरवायची, वर ‘दात घासतेय’ म्हणायचं.

जागा बदलू नका. गाल आणि खालची हिरडी यांच्या मधल्या खाचेत, रोज त्याच बाजूला बार धरावा. वरच्या पेशी सतत गळून पडतात, त्यांच्यावर मेहनत फुकट जाते. माल तळच्या मूळपेशींपर्यंत मुरायला हवा. बार तसाच ठेवून झोपी जाणाऱ्यांना हे गणित न शिकवता कळलेलं असतं. सोबत दारू घेतलीत तर अस्तर झिरपायला मदत होते, आणि दारूपासून होणारं ॲसिटाल्डिहाइड डीएनएवर आपला हात साफ करतं तो वेगळाच.

एकट्या टीपी५३वर समाधान मानू नये. नवव्या गुणसूत्रावर सीडीकेएन२ए नावाचं दुसरं जनुक बसलंय. त्याचं पी१६ प्रथिन विभाजनाचा ब्रेक आहे. इथे अक्षर बदलत बसायची गरज नाही, बऱ्याचदा तो तुकडाच गळून पडतो किंवा त्याला मिथाइल या रासायनिक गटाचं कुलूप लागून तो बंद पडतो. हे काम पुष्कळदा गाठीच्या आधी, साध्या पांढऱ्या चट्ट्यातच उरकलेलं असतं. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या गाठींत फॅट१, नॉच१ आणि पेशीच्या मरणाचा हुकूम बजावणारं कॅस्पेस-८ हीही जनुकं बिघडलेली सापडतात. एचपीव्ही विषाणूची आडवाटही आहे, घसा आणि टॉन्सिलकडून जाणारी. त्याचं ई६ प्रथिन पी५३ला, म्हणजे टीपी५३च्या प्रथिनाला, भंगारात काढतं, ई७ हे आरबी या विभाजनाच्या आणखी एका ब्रेकला. पण ही वाट भरवशाची नाही. जनुक शाबूतच राहतं, आणि असले रुग्ण किरणोपचारांना चांगले बधतात. तंबाखूवाल्या गाठी त्या मानानं चिवट, कारण किरणांनी जखमी झालेल्या पेशीला ‘मर’ म्हणणाराच उरलेला नसतो.

आता समजा, तोंडात व्रण आला आणि तीन आठवडे झाले तरी भरला नाही. इथेच बरेचजण कच खातात. तुम्ही खाऊ नका. दात टोचत असेल म्हणा, बी कॉम्प्लेक्स घ्या, ग्लिसरीन लावा. पांढऱ्या चट्ट्यापेक्षा लाल चट्टा जास्त घातक, म्हणून त्याला उष्णता म्हणा. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जाईनाशी झाली की अक्कलदाढेवर ढकला. बायोप्सीचं नाव निघालं तर ‘हत्यार लागलं की पसरतो’ हे वाक्य तयार ठेवा. जागा बधिर करून व्रणाच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, इतकंच असतं ते, पण हे कुणाला बोलू नका.

पुढे औषधांचं काय, ही काळजी सोडा. चेकाळलेल्या जनुकाला गोळी घालून आवरता येतं, गैरहजर जनुकाला काय घालणार? चीननं २००३ मध्ये चांगलं टीपी५३ विषाणूत भरून गाठीत टोचायचं इंजेक्शन मंजूर केलं, पण ते इतरत्र रुजलं नाही. राहते ती मुख्यतः सुरी आणि किरणं. ऑपरेशन झालं, काढलेल्या तुकड्याची कड स्वच्छ आली, तरी नाउमेद होऊ नका. शेजारच्या साध्या दिसणाऱ्या अस्तरातही जागल्या गमावलेल्या पेशींची गावंच्या गावं वसलेली असू शकतात. स्लॉटर या डॉक्टरांनी १९५३ मध्येच या प्रकाराला बिघडलेलं शेत म्हटलंय. फक्त नांगरट थांबू देऊ नका. दुसरा गाल मोकळाच आहे.

आणि हो, पुडीवर तंबाखू सोडण्यासाठी टोल-फ्री नंबर छापलेला असतो. पुडी फाडताना नेमकी तिथूनच फाडावी.