नातवाला लस, आजोबांना आल्याचा चहा

आमच्या सोसायटीत दरवर्षी आरोग्य शिबिर भरतं. शुगर, बीपी, हाडांची घनता, झालंच तर डोळे. शेवटी एक केळं, सरबत आणि कुठल्यातरी लॅबचं सवलतीचं कूपन. पण साठी-सत्तरीच्या माणसाला ‘न्यूमोनियाची लस घेतलीत का?’ असं तिथे कुणी विचारताना मी आजवर ऐकलेलं नाही.

पुण्यात तर हे जास्तच खटकतं. लहान मुलांची ही लस आपल्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येच बनते, न्यूमोसिल नावाने. न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस नावाच्या जिवाणूचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, त्यातल्या महत्त्वाच्या दहांवर ही न्यूमोसिल चालते. २०१९ च्या डिसेंबरात तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. सरकारी लसीकरणात पीसीव्ही, म्हणजे बाळांची न्यूमोकोकसची लस, २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर. माझ्या भाचीच्या कार्डावर तिन्ही रकाने भरलेत: दीड महिना, साडेतीन महिने, नऊ महिने. मनपाच्या दवाखान्यात, मांडीत, फुकट.

बाळांसाठी ही लस वेगळी बनवावी लागते. या जिवाणूभोवती साखरेच्या रेणूंचं कवच असतं आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर नुसत्या कवचाला नीट दाद देत नाही. म्हणून ते एका प्रथिनाला जोडून टोचतात. लस घेतलेल्या मुलांच्या नाका-घशात हे जिवाणू कमी राहतात, त्यामुळे घरातल्या म्हाताऱ्यांपर्यंतही कमी पोचतात. अमेरिकेत २००० साली मुलांना लस सुरू झाली आणि पुढे ज्येष्ठांमधला आजारही घटला.

पण म्हणून आजी-आजोबांना नातवाच्या भरवशावर सोडायचं? मधुमेह, दमा, हृदयविकार, किडनीचं दुखणं, वर्षानुवर्षांची सिगारेट, यातलं काहीतरी आपल्याकडे घरोघरी आहे. अशांना हा जिवाणू फुप्फुसात गाठतो, कधी रक्तात उतरतो, कधी मेंदूच्या आवरणापर्यंत जातो. आपण मात्र ‘थंडी बाधली’ म्हणत आल्याचा चहा पाजत बसतो. फ्लूनंतर तर धोका आणखी वाढतो.

मोठ्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाही. खासगीत पदरचे पैसे मोजावे लागतात आणि पेन्शनवरच्या माणसाला ते जड जातात. माझं म्हणणं, मनपाने निदान मधुमेही आणि दमेकरी ज्येष्ठांपासून तरी सुरुवात करावी. ज्यांना परवडतं ते तरी कुठे घेतात म्हणा! मुलगा अमेरिकेतून फोनवर ‘बाबा, लस घ्या’ सांगतो, आणि बाबा म्हणतात, ‘मला काय धाड भरलीये?’

लशीने प्रत्येक न्यूमोनिया टळत नाही. विषाणूंमुळे होणारा न्यूमोनिया हिच्या कक्षेत येतच नाही. बहुतेकांचा दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडी कणकण येते, एवढंच.

आणि आधी कधी घेतली असेल तर तो कागद घेऊनच डॉक्टरांकडे जा. मोठ्यांसाठी एकापेक्षा जास्त प्रकारच्या लशी आहेत. काहींनंतर दुसरी घ्यावी लागते आणि मध्ये साधारण वर्षभराचं अंतर ठेवतात, काहींचा एकच डोस पुरतो. ‘मागे एक इंजेक्शन घेतलं होतं बघा’ एवढ्यावरून डॉक्टरांना काही ठरवता येत नाही.