नुसतं 'युरिन पास्ड' (लघवी झाली) लिहून भागत नाही
नर्सिंग शिकणाऱ्या मुलींवरचा लिखाणाचा बोजा कमी करा, असं एका लेखात वाचलं. केअर प्लॅनच्या (पेशंटच्या शुश्रूषेच्या आराखड्याच्या) वह्या एकमेकींच्या बघून उतरवायच्या, हे थांबायलाच हवं. पण वॉर्डातलं चार्टिंग, म्हणजे पेशंटच्या वेळोवेळच्या नोंदी, कृपा करून त्याच पारड्यात टाकू नका.

सर्जिकल वॉर्डात माझी २२ वर्षं गेली. एकदा नाईटला जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) दुसऱ्या वर्षाची मुलगी होती. पोटाचं ऑपरेशन झालेला पेशंट, कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला. तिने युरोबॅगेत (नळीच्या पिशवीत) जमलेली लघवी दर तासाला मोजून इनटेक-आउटपुट चार्टवर (शरीरात किती गेलं, किती बाहेर आलं याच्या तक्त्यावर) आकडे लिहिले: ४०, ३०, १५, १० मिली. पेशंट साधारण ६० किलोचा, म्हणजे तासाला निदान ३० मिली लघवी हवी. बीपी अजून बरं होतं, पण ते उतरते आकडे एकाखाली एक दिसले आणि मी रेसिडेंट डॉक्टरांना उठवलं. आत रक्तस्राव सुरू होता, म्हणून लघवी घटत होती. पहाटे पेशंट थिएटरला गेला आणि वाचला. त्या जागी नुसतं 'युरिन पास्ड' असतं तर?

म्हणून मुलींना हे वॉर्डातच, खऱ्या केसपेपरवर शिकवा. चूक झाली तर व्हाइटनर नाही. एक सरळ रेघ, सही, वेळ. सहाचा टीपीआर (तापमान, नाडी, श्वास) चारलाच भरून ठेवायचा नाही. डॉक्टरांना कळवलं तर किती वाजता आणि ते काय म्हणाले, तेही लिहायचं. नोकरीतल्या सिस्टर्सच्या सीएनईमध्येसुद्धा (नोकरीत असताना होणाऱ्या प्रशिक्षणात) नुसत्या स्लाइड दाखवण्यापेक्षा असा एखादा चार्ट समोर ठेवून तासभर बोला ना!