'लगेच' या शब्दाला माझी हरकत आहे

आर्ट जर्नलवरच्या लेखात म्हटलंय की अशा चित्रांच्या वहीत राग-दुःख उतरवलं की मन 'लगेच हलकं होतं'. माझं तरी झालं नाही बुवा. बाबा गेले त्या मे महिन्यात नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून जाड कागदाची वही नि पोस्टर कलर आणले. कूलरच्या घरघरीत बसून पहिलं पान काळं-लाल केलं आणि त्या रात्री उलट जास्तच रडले. वाटलं, आपल्यातच काही खोट आहे. नंतर वाचनात आलं, मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगातही (तो लिखाणाचा होता, चित्रांचा नाही) सलग चार दिवस रोज १५ मिनिटं मनातलं दुखणं लिहिणाऱ्यांना लिहून उठताना आधीपेक्षा वाईटच वाटत होतं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. हे लेखात यायलाच हवं होतं, नाहीतर माणूस दुसऱ्या दिवशी वही माळ्यावर टाकतो.

आणि लेखातला तो पानं जपून ठेवायचा सल्ला? आपण तर मारबतवाल्या नागपूरचे! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी 'इडा पीडा घेऊन जा गे मारबत' म्हणत सगळा राग मिरवणुकीतल्या मारबत-बडग्यांच्या पुतळ्यांवर काढतो नि जाळून मोकळे होतो. मीही त्या दिवशी हॉस्पिटलच्या बिलाची झेरॉक्स चिकटवलेलं एक पान अंगणात जाळलं. सासूबाईंनी काही विचारलं नाही, फक्त काडेपेटी आणून दिली. बाबांच्या स्कूटरचं चित्र मात्र ठेवलंय. चाकं तिरपी आलीत त्याची.