अवेळीचा राग

माझा अनंत गेला. म्हणजे झाड. आईने दिलेलं, रत्नागिरीहून दोन गाड्या बदलत मांडीवर आणलेलं. आमच्याकडे झाड लावावं लागत नाही, नको तिथे उगवलेलं उपटावं लागतं. नागपुरात नवतपा लागला, पारा ४५ च्या वर गेला आणि तिसऱ्या दिवशी पानं पापड झाली.

फोटो मी कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. तिथे मी अकरा दिवसांचा. ताक घाला, हळद घाला, झालंच तर दृष्ट काढा, असे सल्ले आले. आणि शेजारचे काका जातीने आले.

डोक्याला दुपट्टा, सदऱ्याच्या खिशात कांदा. (ऊन लागू नये म्हणून. आता मीही ठेवतो. ऑफिसात माझ्या शेजारी बसलं की लोकांना भेळ आठवते.) काकांनी वैद्य नाडी बघतात तसं एक पान चिमटीत धरलं. त्याचा चुरा झाला.

"पाणी टाकून राहिले ना?"

"दोन्ही वेळा."

"आणि गाणं?"

"कसलं गाणं?"

"काल दुपारी तुमच्याकडे वाजून राहिलं होतं ना जी."

"तो यमन होता. माझ्यासाठी."

काकांनी डोळे मिटले. "भर दुपारी यमन! काऊन लावला जी? तो संध्याकाळचा राग. झाडाले वाटलं दिवस मावळला, ते बिचारं निजलं. अन् वर ऊन तसंच! फसलं ना बाप्पा ते. सकाळी तोडी, दुपारी सारंग, असं पाहिजे. जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केलं आहे."

मी म्हटलं, बोसांचा क्रेस्कोग्राफ झाडाची वाढ मोजायचा, राग नाही ओळखायचा.

"बंगाली होते ते. घरात गाणं असेनच."

यावर काय बोलणार? अनंताला दमट हवा नि आम्लधर्मी माती लागते. मी त्याला इथली चुनखडीची काळी माती दिली, ही माझी चूक, कबूल. पण हे व्याख्यान चालू असताना माझ्या पोटऱ्या भाजत होत्या. कारण काकांच्या एसीचं बाहेरचं यंत्र बरोब्बर माझ्या गॅलरीत फुंकतं. कुंडी त्याच्यापासून दीड हातावर. मी बोट दाखवलं.

"तो? तो तर नुसती हवा फेकून राहिला."

सेक्रेटरींकडे गेलो. भाडेकरूची तक्रार घेता येत नाही, मालकाकडून पत्र आणा. मालक दुबईत. देखभालीचे पैसे मात्र भाडेकरूकडूनच चालतात, त्याला पत्र लागत नाही. मी घरी येऊन कूलरमध्ये चार बादल्या ओतल्या आणि त्याच्यासमोर चरफडत बसलो.

रात्री ग्रुपवर काकांनी माझ्याच अनंताचा फोटो टाकला. खाली ओळ : 'अवेळच्या रागाचा बळी.' एकतीस जणांनी हात जोडले. एकाने विचारलं, कोण वारलं?

कुंडीत आता नुसती माती आहे. आज दुपारी काकांनी खिडकीत फोन ठेवून तिला तासभर सारंग ऐकवला. एसी सुरूच होता.