रात्री बिबटे आणून सोडतात म्हणे

आज सकाळी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तोच व्हिडिओ आला: अंधारात उभा टेम्पो, ताडपत्रीखाली पिंजरा आणि खाली मजकूर की, सरकार रातोरात आपल्याकडे बिबटे आणून सोडत आहे. दुपारपर्यंत मजल "सगळे शास्त्रज्ञ विकले गेलेले आहेत" इथवर गेली. लिहिणारे निम्मे ठाणे-डोंबिवलीत राहतात आणि त्यांच्या गोठ्यात कित्येक वर्षांत जनावर बांधलेले नाही. मला आलेला संताप अजून उतरलेला नाही.

आमच्या आगरातल्या विहिरीत बिबट्या पडला होता, ते अनेकांना आठवत असेल. पंपाचा पाइप पुढच्या दोन्ही पायांनी घट्ट धरून तो कसाबसा डोके पाण्यावर ठेवून होता आणि पाइपावर नखांचे पांढरे ओरखडे उठले होते. काठावर जत्रा भरली होती. पिंजरा दोरखंडाने खाली सोडून त्याला वर काढले, तेव्हा काकांनी अधिकाऱ्यांना एवढेच विचारले, "साहेब, ह्याला आता सोडणार कुठे?" उत्तर आले, "वरून आदेश येईल तसे." गाडी निघून गेली आणि रिकाम्या राहिलेल्या उत्तराच्या जागी गावाने आपले उत्तर बसवले.

अफवेला मुळीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. २००१ ते २००३ या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडण्याचा सपाटा लावला गेला आणि जिथे माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, तिथे ते १७ वर गेले. पण हे दाखवून कोणी दिले? विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, म्हणजे ज्यांना आपण विकले गेलेले म्हणतो त्याच जमातीने. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात असाच विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात माग काढणारी कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. उचलून नेल्याने प्रश्न सुटत नाही, हे शास्त्रज्ञच सांगत आले आहेत. आणि आपण? वासरू गेले की "पिंजरा लावा" म्हणून निवेदन द्यायचे आणि पिंजरा भरून गाडी निघाली की तिचाच व्हिडिओ काढून बोंब मारायची!

ज्याचे वासरू गेले त्याच्यापुढे आलेख नाचवू नयेत, हे मान्य. शास्त्रज्ञांचे निबंध इंग्रजीत छापले जातात आणि आमच्या ग्रामसभेत त्यांच्यापैकी कोणी आजवर फिरकलेले नाही, हेही खरे. लिहिता लिहिता काकांचा तो प्रश्न आठवतो आणि राग थोडा निवळतो, कारण त्यांनी आरोप केला नव्हता, साधी चौकशी केली होती. त्याच दिवशी कोणी त्यांना पडवीत बसवून नीट सांगितले असते, तर आज ते स्वतः असले व्हिडिओ पुढे ढकलत बसले नसते.

येत्या ग्रामसभेत मी दोन मागण्या मांडणार आहे. पकडलेला प्राणी कुठे सोडला, हे गावाला लेखी कळवावे. आणि तिठ्यावरच्या चिकनच्या दुकानाची घाण उघड्यावर टाकणे बंद करावे, कारण त्या घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. दुकान माझ्या चुलतभावाचे आहे. तो चिडेल, चिडू दे.